पाणी चालू आहे का

त्या उन्हाळ्यात मिस्त्रीनं जे पहिलं इंजिन फोडलं, ते त्यानंच आधी चार वेळा खोलून परत उभं केलेलं होतं. त्याच्या कुठल्या बोल्टाचे आटे गेलेत, कुठल्या बाजूचं पॅकिंग दरवर्षी गळतं, हे त्याला पाठ होतं. त्यानं घण उचलला आणि खाली ठेवला. शर्टाच्या बाह्या वर सारल्या. मग परत उचलला.

"बाबा, जरा अलीकडं सरका. तुमची सावली पडतेय," मुलगी म्हणाली. ती मोबाइल आडवा धरून उभी होती.

"अजून फोडलंय कुठं."

"आधीचा पण फोटो लागतो. धडधाकट असलेला एक आणि भोक पडलेला एक."

इंजिनाचा मालक बांधावर बसला होता. तो म्हणाला, "मिस्त्री, जरा बेतानं मारा. त्याला लागेल." चारजण हसले. मिस्त्रीही हसला आणि हसू ओठावर असतानाच त्यानं घण घातला. बिडाचा ब्लॉक घंटेसारखा वाजला, पण तडकला नाही. दुसऱ्या घावाला घण हातातून निसटायला आला. तिसऱ्याला पोटाकडचा तुकडा आत गेला आणि उरलेलं काळं तेल मातीवर सांडलं. मालक उठून दुसरीकडं बघायला लागला.

"आला फोटो," मुलगी म्हणाली.

राज्यानं ठरवलं होतं की चार वर्षांत शेतावर डिझेलचं एकही इंजिन राहू द्यायचं नाही. धूर बंद. विहिरीवर सोलरचा पंप बसणार, प्लेटा सरकार देणार आणि बदल्यात जुनं इंजिन मोडीत काढायचं. पहिल्या वर्षी इंजिनं नुसती जमा करून घेतली होती. ती सहा महिन्यांत फिरून दुसऱ्याच भागातल्या विहिरींवर धूर सोडताना सापडली. तेव्हापासून नियम झाला, की जागेवर फोडायचं, भोकाचा फोटो काढायचा आणि तो वर पाठवायचा.

नोंदी घ्यायचं काम मिस्त्रीच्या मुलीला लागलं होतं. ती चोवीस वर्षांची, शिकलेली, सरळ अक्षराची आणि सरळ बोलण्याची. फोडायला माणूस पाहिजे म्हटल्यावर बापाचं नाव तिनंच सुचवलं. दुकानात तसंही कुणी येत नव्हतं. तीस वर्षं ज्या ओट्यावर इंजिनं ओळीनं उघडी पडलेली असायची, तिथं आता मिस्त्रीची बायको वाळवणाची चादर टाकायची.

"तीस वर्षं डॉक्टर होतात," ती शिवणयंत्रावरून मान न उचलता म्हणाली होती. "आता कसाई झालात. दवाखाना तोच आहे, एवढंच."

मिस्त्रीला सोलरचं वावडं नव्हतं. उलट पहिल्यांदा एका मळ्यावर तो पंप चालताना बघितला तेव्हा तो अर्धा तास तिथंच उभा राहिला. दोरी ओढायला नको, कॅन घेऊन डिझेलला पळायला नको. सकाळी दहाला ऊन वर आलं की पाणी आपलं आपण यायला लागायचं. आयुष्यभर इंजिनाच्या धुराड्यापाशी वाकून त्याची छाती भरलेली होती. चढावर खोकला यायचा, तो थुंकला की रुमालावर राखाडी डाग पडायचा. धूर गेला तर बरंच आहे, असं तो लोकांना सांगायचाही. पण संध्याकाळी घरी आला की त्याला बसवत नसे. तो पाने पुसायचा, मापाप्रमाणे लावायचा, विस्कटायचा, परत लावायचा.

"बसा हो जरा," बायको म्हणायची. "तुमच्याकडं बघून मला शिणवटा येतो."

त्या भागाच्या साहेबाला लोक टक्केसाहेब म्हणत. कचेरीच्या व्हरांड्यात त्यांनी एक फळा लावला होता आणि त्यावर ते रोज सकाळी स्वतःच्या हातानं आकडा लिहायचे, आपल्या भागातली किती टक्के इंजिनं गेली तो. लोक म्हणायचे, हा माणूस जेवून उठला की पोट किती टक्के भरलं ते बायकोला सांगत असेल. माणूस वाईट नव्हता. पण दर सोमवारी त्याला वरून फोन यायचा, आणि फोन ठेवला की तो कुणाच्या तरी मागं लागायचा.

महिनाअखेरीला साहेबानं नवीन टूम काढली. प्लेटा उभ्या राहिल्या की इंजिन फोडायचं. प्लेटांच्या खाली जी पेटी बसते, जिच्यामुळं पंप फिरतो, ती कारखान्यातून उशिरा येत होती. तिच्यासाठी थांबायचं नाही.

रोपवाल्याकडं बापलेक गेले तो दिवस मिस्त्रीच्या डोक्यातून नंतर गेलाच नाही. रोपवाला हिरव्या जाळीच्या छपराखाली टोमॅटो-मिरचीची रोपं वाढवून विकायचा. ट्रेच्या ओळीच्या ओळी, प्रत्येक खाचेत करंगळीएवढं रोप. प्लेटा नव्या कोऱ्या चमकत होत्या. त्यांच्या खाली चार वायरी नुसत्याच लोंबत होत्या.

"पेटी कुठंय?" मिस्त्रीनं विचारलं.

"उद्या येणार आहे," मुलगी म्हणाली.

"मग उद्या फोडू."

"बाबा, आज एकतीस आहे."

मिस्त्री घणाच्या दांड्यावर टेकून उभा राहिला. मुलीनं साहेबाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. "मिस्त्री," साहेब म्हणाले, "तुम्ही इंजिनाकडून आहात की आमच्याकडून? पेटी गाडीत चढलीय. मी स्वतः विचारून घेतलंय. माझ्या शब्दाला काही किंमत आहे का नाही?"

रोपवालाच मध्ये पडला. "फोडा हो. एका दिवसानं काय होतंय. टाकी भरलेली आहे माझी."

मिस्त्रीनं फोडलं. चांगलं खाली, पोटात. मुलीनं फोटो काढला, मान खाली घालून मोबाइलवर बराच वेळ काहीतरी दाबत राहिली, आणि म्हणाली, "चला."

पेटी दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशी टाकी संपली. चौथ्या दिवशी सकाळी मिस्त्री हातगाडीवर दोन पिंपं बांधून रोपवाल्याच्या दारात उभा राहिला. तळं अर्ध्या कोसावर होतं. पिंप भरायचं, गाडी ढकलत चढ चढायचा, मग झारीनं ट्रेवर पाणी घालायचं. एका खेपेत दोन ओळी भिजत. ऊन असं होतं की तिसरी ओळ भिजेपर्यंत पहिली सुकलेली. मिस्त्रीचा उजवा खांदा सुजला. चढाच्या मध्यावर खोकला आला की तो चाकाला दगड लावायचा, पोटाशी हात धरून वाकायचा आणि दगड काढून पुन्हा ढकलायचा.

पहिल्या दिवशी रोपवाल्यानं झारी हातात दिली, दुसऱ्या दिवशी नुसती दाखवली. सहाव्या दिवशी मिरचीच्या ट्रे माना टाकून पडल्या. रोपवाल्यानं त्या एकेक करून उचलून बांधावर उपड्या केल्या. मिस्त्रीही मदतीला वाकून ट्रे उपड्या करायला लागला तेव्हा रोपवाल्याची बायको जवळ आली.

"भाऊ, एक सांगू का? रागावू नका. उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुम्हाला बघितलं की ह्यांचं डोकं फिरतं."

"पाणी कोण आणेल?"

"आणू आमचं आम्ही."

मिस्त्रीनं पिंपं रिकामी केली आणि गाडी वळवली. उतारावर ती आपोआप पळत होती आणि त्याला ती धरून ठेवावी लागत होती. पेटी अकराव्या दिवशी आली. पंप झकास चालला. तोवर निम्मी रोपं गेली होती. कचेरीच्या फळ्यावर मात्र रोपवाला पहिल्याच दिवशी जमा झालेला होता.

त्यानंतर पाचव्या दिवशी भाजीवाल्या काकूंची पाळी आली. काकूंचा नवरा लांबच्या शहरात कामाला. त्या एकट्या वांगी आणि घेवडा करायच्या आणि सायकलला टोपल्या बांधून बाजाराला न्यायच्या. घेवडा नुकता फुलावर आला होता. प्लेटा उभ्या होत्या आणि पेटी नव्हती.

मिस्त्री इंजिनाभोवती दोनदा फिरला. मग त्यानं घण न घेता पिशवीतून हातड्रिल आणि छिन्नी काढली.

"आज ड्रिल कशाला?" मुलीनं विचारलं.

"खांदा दुखतोय. आधी भोकं पाडली की फुटतं लवकर."

त्यानं वरच्या अंगाला, जिथून इंजिन गार ठेवणारं पाणी खेळतं त्या बाहेरच्या भिंतीला, गोलात भोकं पाडली आणि हातोडीनं मधला तुकडा आत पाडला. तळहाताएवढं भोक. आत काळोख दिसत होता. फोटोत ते अगदी भयंकर दिसलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी दुसऱ्या गावाला गेल्यावर तो काकूंकडं परत आला. पिशवीत पत्र्याचा जाड तुकडा, टायरच्या ट्यूबचं रबर, सहा बोल्ट आणि फटी बुजवायच्या लांबीचा डबा होता. दुपारपर्यंत त्यानं भोकावर रबर, रबरावर पत्रा बसवून बोल्ट आवळले आणि कडेनं लांबी भरली. तिसऱ्या दोरीला इंजिन सुरू झालं. काकू पदरानं तोंड झाकून उभ्या होत्या. धुरासाठी की हसू लपवायला, ते कळत नव्हतं.

"मिस्त्री, हे चालतं का असं?"

"चालत नाही. पेटी येईपर्यंत चालवा. आली की मी येऊन खरं फोडतो."

"आणि कुणी विचारलं तर?"

"विचारणार कोण? ते फोटो बघतात."

पुढच्या आठवड्यात त्यानं आणखी तीन इंजिनांना तसंच भोक पाडलं आणि तसंच बुजवलं. हातांना काम मिळालं होतं, त्यामुळं ते खूष होते. बाकी सगळा जीव टांगणीला. मुलीची गाडी मळ्यांच्या रस्त्याला वळली की त्याच्या हातून पाना पडायचा. जेवताना ती काही बोलायला तोंड उघडायची आणि त्याचा घास तोंडातच राहायचा. ती म्हणायची, "मीठ द्या." तो चटकन पुढं करायचा.

"आजकाल फारच पटकन देता," बायको म्हणाली. "काय केलंत?"

"काही नाही."

"तीस वर्षं झाली लग्नाला. काही नाही म्हणजे काय ते मला कळतं."

मुलीला कळलं ते इंजिनाच्या आवाजानं. दुपारी ती मळ्यांकडून येत होती आणि घेवड्याच्या पलीकडून धडधड ऐकू आली. तिला आधी वाटलं दुसऱ्या कुणाचं असेल. मग तिनं गाडी लावली आणि बांधावरून चालत गेली. काकू तिला बघून इंजिनासमोर आडव्या उभ्या राहिल्या, जणू त्यांच्या रुंदीमागं ते झाकलं जाणार होतं. मुलीनं पत्र्याला हात लावून बघितला. पत्रा गरम होता आणि बोल्ट बापाच्या सवयीप्रमाणं एकाआड एक आवळलेले होते.

त्या दिवशी ती घरी लवकर आली. मिस्त्री ओट्यावर बसून छिन्नीला धार लावत होता. ऊन अजून भिंतीवर होतं. आत शिवणयंत्र चालू होतं.

"किती आहेत?" तिनं विचारलं.

मिस्त्रीनं छिन्नी उलटी केली. "कशाचं किती?"

"बाबा."

"चार."

आतलं यंत्र थांबलं.

"त्या प्रत्येक फोटोखाली माझं नाव आहे," मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "तुमचं कुठंच नाही. उद्या कुणी आलं तर मला विचारतील. तुम्ही मला एका शब्दानं सांगितलं नाहीत. ड्रिल म्हणे. खांदा दुखतोय म्हणे."

"खांदा दुखतच होता."

"सांगितलं असतंत तर?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? साहेबाला फोन. आणि साहेब म्हणाला असता, तुम्ही इंजिनाकडून का आमच्याकडून. आणि मी फोडलं असतं. रोपवाल्याचं फोडलं तसं." मिस्त्री उठून उभा राहिला. "बाई गं, त्याच्या मिरच्या मी माझ्या हातानं उपड्या केल्यात. तू तिथं नव्हतीस."

मुलीनं मोबाइल काढला आणि बापापुढं धरला. "हे वाचा."

"चष्मा नाही."

"मग ऐका. फॉर्ममध्ये सात प्रश्न आहेत. सहावा, सोलर पंपाचं पाणी चालू आहे का. होय की नाही. नाही दाबलं की फॉर्म पुढं जात नाही, फोटो चढत नाही. रोपवाल्याच्या वेळी मी होय दाबलं. काकूंच्या वेळी पण. एकूण एकोणीस वेळा दाबलंय. साहेब म्हणाले, उद्या येणारच आहे तर आजच दाब."

मिस्त्री तिच्याकडं बघत राहिला. लहानपणी ती खोटं बोलली की कानापर्यंत लाल व्हायची. आत्ता तशीच झाली होती.

मिस्त्रीची बायको उंबऱ्यात आली होती. खांद्यावर कापड मोजायची फीत तशीच होती. "म्हणजे दोघांनी मिळून केलंत," ती म्हणाली. "आणि एकमेकांपासून लपवलंत. ह्या घरात मी एकटीच शहाणी उरले म्हणायची."

कुणी हसलं नाही.

"मी उद्या कचेरीत जाऊन एकोणीसच्या एकोणीस नोंदी बदलणार आहे," मुलगी म्हणाली.

"काम जाईल."

"जाईल बहुतेक."

"मग मी येतो. चार माझ्या आहेत."

ती "नको" म्हणाली, पण सकाळी मिस्त्री धुतलेला शर्ट घालून तिच्या आधी दारात उभा होता.

नोंदी बदलायला तिला दीड तास लागला. नवा फॉर्म 'नाही'वर अडायचा, पण चढलेली नोंद दुरुस्त करता येत होती. नाही दाबायचं, कारण लिहायचं, वर पाठवायचं. कारणाच्या रकान्यात तिनं एकोणीस वेळा एकच वाक्य लिहिलं, फोडलं तेव्हा पेटी आलेली नव्हती. मिस्त्री बाकावर बसून टाच हलवत होता. शेजारी एकजण पाण्याच्या तक्रारीचा अर्ज घेऊन बसला होता, त्यानं शेवटी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "अहो, बाक हलतोय."

टक्केसाहेब आले ते खडू घेऊनच. फळ्यावर एकाहत्तर होतं. त्यांनी संगणकावरचा आकडा बघितला आणि खडू हातात तसाच राहिला.

"हे काय केलंस?"

"खरं होतं ते लिहिलं, साहेब."

"अगं, राज्यात आपण तिसरे होतो. आता कितवे असू माहीत आहे? आकडा वाढतो, बाई. थांबतो. पण खाली येत नाही. सगळ्या राज्यात आजवर कुणाचा आकडा खाली आलेला नाही."

मिस्त्री उठला. "साहेब, त्यातली चार तर नीट फुटलेलीच नाहीत." आणि त्यानं भोकांचं सगळं सांगितलं. पत्रा, रबर, सहा बोल्ट. सांगताना त्याचे हात आपोआप बोल्ट आवळल्यासारखे फिरत होते. व्हरांड्यातले लोक गोळा झाले. साहेबांनी आधी दार लावून घेतलं, मग उघडलं, कारण बाहेरून सगळं दिसतच होतं.

"उद्यापासून तुम्ही दोघंही येऊ नका," ते म्हणाले. मग हळू आवाजात मिस्त्रीला म्हणाले, "मला सोमवारी फोन येतो हो. तुम्हाला येत नाही."

फोन सोमवारपर्यंत थांबला नाही. आकडा खाली कसा आला हे विचारायला त्याच दिवशी आला, आणि चौथ्या दिवशी राजधानीतून सोलरच्या खात्याच्या सचिव बाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, उन्हानं थकलेल्या, पायात बंद बूट. साहेबानं त्यांना चांगले चालणारे पंप दाखवायची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "ते मी फोटोत बघितलेत. जे चालत नाहीत ते दाखवा." आणि पुढं म्हणाल्या, "ज्यानं भोकं बुजवली त्याला बोलवा."

मिस्त्री काकूंच्या मळ्यावर पोचला तेव्हा बाई इंजिनाजवळ उकिडव्या बसून पत्रा बघत होत्या. बुटांना वाफ्यातला चिखल लागला होता.

"चालू करा," त्या म्हणाल्या.

मिस्त्रीनं दोरी ओढली. इंजिन पेटलं, धूर सुटला. बाई खोकल्या, मिस्त्रीही खोकला. त्यांनी बंद करायची खूण केली.

"हा गुन्हा आहे, हे ठाऊक आहे ना? ह्याच धुरासाठी आम्ही सगळं करतोय."

"ठाऊक आहे, बाई."

"मग?"

"घेवडा फुलावर होता."

बाईंनी घेवड्याकडं बघितलं. आता शेंगा धरल्या होत्या. काकू लांबूनच म्हणाल्या, "रोपवाल्याकडं पण जा म्हणावं. त्याचं बघा काय झालं ते." बाई म्हणाल्या, "जाऊन आले."

"मला एक सांगा," बाईंनी विचारलं. "नवा पंप किती दिवस चालला म्हणजे तुम्ही म्हणाल की आता जुनं फोडायला हरकत नाही?"

मिस्त्रीला असं कुणी विचारलं नव्हतं. तो मानेमागं खाजवत राहिला. "पंधरा दिवस," तो म्हणाला. "पण सलग. आणि त्यात एखादा दिवस ढगाळ निघायला पाहिजे. उन्हात काय, कुणीही चालतं."

बाईंनी ते छोट्या वहीत लिहून घेतलं. शाबासकी दिली नाही की रागावल्या नाहीत. जाताना साहेबाला म्हणाल्या, "फळा काढू नका. पण त्यावर पाण्याचा आकडा लिहा, इंजिनांचा नको."

पुढं महिना तसाच गेला. मिस्त्रीचं काम गेलं ते गेलंच. त्याच्याकडून माफीचा अर्ज लिहून घेतला. शब्द मुलीनं सांगितले, सही त्यानं केली. तिला परत घेतलं, पण दुसऱ्या भागात, घरापासून दुप्पट लांब. ती पहाटे डबा घेऊन निघायची आणि दिवेलागणीला धुळीनं पांढरी होऊन यायची. मिस्त्री दुकान झाडायचा. जिथं काही नव्हतं तिथंही झाडायचा.

एका संध्याकाळी ती आली आणि हात न धुताच मोबाइल उघडून बसली. "वरून नवा आदेश आलाय. सगळ्या राज्याला." आणि तिनं वाचून दाखवलं. सोलर पंप किमान पंधरा दिवस सलग, त्यात किमान एक ढगाळ दिवस, सुरळीत चालल्याची खात्री झाल्याशिवाय जुनं इंजिन फोडण्यात येऊ नये. सहाव्या प्रश्नाला 'नाही' दिल्यास फॉर्म थांबणार नाही. पेटी पुरवण्यास उशीर झाल्यास जबाबदारी पुरवठादाराची.

"परत वाच," मिस्त्री म्हणाला. तिनं वाचलं.

"कुणी लिहिलंय हे?"

"खाली सचिवांची सही आहे."

"ढगाळ दिवस म्हटलंय ना त्यात?"

"म्हटलंय."

बायको आतून म्हणाली, "आता सचिवांकडून पगार मागा." मिस्त्री उठून ओट्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा चालला. आनंद झाला होता की काय, त्यालाच नीट कळेना. रोपवाल्याच्या मिरच्या काही त्या आदेशानं उभ्या राहणार नव्हत्या.

काकूंची पेटी त्याच आठवड्यात बसली. मिस्त्रीला तिथं काही काम नव्हतं, पण तो रोज एक चक्कर मारायचा. काकू म्हणायच्या, "अहो, पंप चालतोय. तुम्ही कशाला वाळताय?" सगळे दिवस लख्ख ऊन. सोळावा दिवस गेला, अठरावा गेला. विसाव्या दिवशी सकाळपासून आभाळ भरून आलं.

मिस्त्री गेला तेव्हा तिथं नवा फोडणारा आधीच येऊन झाडाखाली बसला होता. मूळचा पाथरवट, दंडानं भक्कम, मांडीवर घण आडवा ठेवलेला. नवी नोंदणीवाली मुलगी पाइपाच्या तोंडाशी उभी होती. पाणी मनगटाएवढं होतं ते बोटाएवढं झालं. सगळे बघत होते. पुन्हा ढग दाटले आणि धार आणखी बारीक झाली, पण तुटली नाही. सरीतून पाणी हळूहळू सरकत गेलं आणि दुपारी शेवटच्या वांग्याच्या बुडाशी पोचलं. काकूंनी वाकून तिथली माती चिवडून बघितली.

"काकू, पाणी चालू आहे म्हणून लिहू का?" नोंदणीवालीनं विचारलं.

"ये, तूच हात घालून बघ," काकू म्हणाल्या. ती आली, चिखलात बोटं घातली, आणि दुसऱ्या हातानं होय दाबलं.

पाथरवट उठला. मिस्त्रीनं ठोकलेला पत्रा त्यानं आधी उचकटून काढला, मग त्या जुन्या भोकाजवळच नेम धरून घण वर नेला.

"तिथं नको," मिस्त्री म्हणाला.

पाथरवटानं हात थांबवला. "का? इथं आधीच फुटलंय."

"तिथं मारलंस तर मी परत जोडीन."

पाथरवट त्याच्याकडं बघायला लागला. मिस्त्री पुढं झाला, गुडघे मोडून खाली बसला आणि इंजिनाच्या पोटावरून, मातीनं माखलेल्या अंगावरून तळवा फिरवला. एका जागी तो थांबला. पिशवीतली छिन्नी काढून त्यानं तिथं टेकवली आणि दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"इथं," तो म्हणाला. "मार. हलत नाही मी."

पाथरवटानं नेम धरायला वेळ घेतला. पलीकडं काकू पाठमोऱ्या झाल्या होत्या आणि फावड्यानं पाणी पुढच्या सरीला वळवत होत्या. पहिला घाव बसला तेव्हा मिस्त्रीचे हात कोपरापर्यंत बधिर झाले. दुसऱ्याला बीड तडकलं. तिसऱ्याला छिन्नी मुठीपर्यंत आत गेली.